चंबूपासून कारखान्यापर्यंत : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची 75 वर्षे

3 जानेवारी 1950 या दिवशी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी पुण्याजवळच्या पाषाणात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. देश प्रजासत्ताक व्हायला तेव्हा 23 दिवस बाकी होते. त्याच सुमारास विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यातच भरले होते, त्यामुळे शहरात शास्त्रज्ञांची मोठी वर्दळ होती. पाषाणच्या माळावर मात्र या लांबलचक इमारतीखेरीज पाहण्यासारखे फारसे काही नव्हते.

पुणेकर या संस्थेला पहिल्यापासून ‘एनसीएल’ म्हणत आले आहेत. मीही पुढे तेच नाव वापरतो.

संस्थेची कल्पना युद्धकाळातली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद 1942 मध्ये स्थापन झाली. युद्धामुळे परदेशी माल येईनासा झाला आणि साध्या रसायनांसाठीही आपण किती परावलंबी आहोत, हे सरकारला आणि उद्योजकांना एकदमच उमगले. मुंबईच्या गिरण्यांत कापड निघत होते, पण त्याचा रंग जर्मनी, स्वित्झर्लंड किंवा इंग्लंडहून यायचा. औषधांची गतही तीच. परिषदेचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागर यांनी देशभर प्रयोगशाळांची साखळी उभारायचे मनावर घेतले. टाटा उद्योगसमूहाने रसायन, धातू आणि इंधन या विषयांच्या प्रयोगशाळांसाठी 20 लाख रुपये देऊ केले. 6 एप्रिल 1947 रोजी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते पाषाणात कोनशिला बसली. स्वातंत्र्य अजून चार महिने दूर होते. देश हातात येण्याआधीच प्रयोगशाळेचा पाया घालणाऱ्या त्या पिढीविषयी मला अतिशय आदर वाटतो.

पहिले दोन संचालक परदेशी होते, आणि दोघेही असामान्य होते. जेम्स विल्यम मॅकबेन हे मूळचे कॅनडाचे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन करून सत्तरीकडे झुकलेल्या वयात ते पुण्याला आले. साबणाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन गोळे करतात, हे त्यांनी तरुणपणी मांडले होते. लंडनच्या विद्वत्सभेत ही कल्पना त्यांनी प्रथम सांगितली तेव्हा अध्यक्षांनी ती तिथल्या तिथे मोडीत काढली. आज ‘मिसेल’ या नावाने ती रसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मॅकबेन 1952 पर्यंत इथे राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले. त्यांनी घालून दिलेली विभागांची घडी पुढे बराच काळ टिकली.

त्यांच्यानंतर आले जॉर्ज इंगल फिंच. गिर्यारोहकांना हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत फिंच आणि जेफ्री ब्रूस हे सुमारे 8,300 मीटरपर्यंत पोचले. त्या उंचीवर त्याआधी कोणीही गेले नव्हते. त्या काळचे बरेच गिर्यारोहक नळकांड्यातला प्राणवायू वापरणे कमीपणाचे समजत. फिंच रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी प्राणवायूची उपकरणे स्वतः तपासली, दुरुस्त केली आणि पाठीवर घेऊन ते चढले. विज्ञान पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्या या माणसाने 1952 ते 1957 ही पाच वर्षे एनसीएलला दिली. इलेक्ट्रॉनच्या साहाय्याने पृष्ठभागांचा अभ्यास करणे हा त्यांचा मुख्य विषय होता.

पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राचा एनसीएलने पुढे एक खास आपल्या मुलखातला उपयोग करून पाहिला. उन्हाळ्यात तलावाचे पाणी उडून जाते. लांब साखळीच्या अल्कोहोलांचा, एका रेणूएवढ्याच जाडीचा थर पाण्यावर पसरला तर बाष्पीभवन कमी होते. त्यावर इथे बरीच वर्षे काम झाले. प्रयोगशाळेतल्या परातीत हा थर अखंड राहतो, तलावावर मात्र वारा सुटला की फाटतो. हा फरक सांभाळण्यातच या संस्थेतल्या कित्येकांचे आयुष्य गेले.

1957 मध्ये के. वेंकटरामन हे एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे यूडीसीटीचे पहिले भारतीय संचालकही तेच. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा बहुखंडी इंग्रजी ग्रंथ जगभरच्या रंग-कारखान्यांत वापरला जाई. वेंकटरामन यांचा आग्रह असा, की उपयोजित संशोधन करायचे तर मूळ रसायनशास्त्रात कच्चे राहून चालणार नाही. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या तांबड्या रंगाची रेणूरचना त्यांच्या काळात इथे उलगडली. डॉ. सुख देव यांच्यासारखे नैसर्गिक द्रव्यांचे नामवंत अभ्यासक इथे काम करू लागले. ‘गरीब देशाने शुद्ध विज्ञानावर पैसा का घालवावा’ हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. पुढच्या काळातली कित्येक मोठी कामे वेंकटरामन यांनी घडवलेल्या माणसांनी किंवा त्या माणसांच्या विद्यार्थ्यांनी केली, हे पाहिले की उत्तर मिळते.

माटुंगा ते पाषाण हा रस्ता पुढेही वाहता राहिला. वेंकटरामन यांच्यानंतर 1966 मध्ये आलेले बाळ दत्तात्रेय टिळक यूडीसीटीचेच. रघुनाथ माशेलकरही तिथलेच विद्यार्थी.

टिळकांच्या कारकिर्दीत देशाच्या कायद्यात एक मोठा बदल झाला. 1970 चा पेटंट कायदा 1972 मध्ये अमलात आला. खाद्यपदार्थ, औषधे आणि रासायनिक प्रक्रियेने तयार होणारी द्रव्ये यांना पदार्थ म्हणून पेटंट मिळणे बंद झाले. पेटंट मिळे ते फक्त बनवण्याच्या पद्धतीला. एखादे औषध परदेशी कंपनीने शोधले असले, तरी ते वेगळ्या पद्धतीने बनवता आले तर भारतीय कारखान्याला मोकळीक होती. ही वेगळी पद्धत शोधायची कोणी? एनसीएलसारख्या संस्थांनी. औषधे, कीटकनाशके, रंगांची मध्यवर्ती रसायने यांच्या पद्धती एकामागून एक इथे तयार होऊ लागल्या. आज भारतीय औषधे जगभर स्वस्त मिळतात. या स्वस्ताईच्या मुळाशी कायदा तर आहेच, शिवाय त्या मोकळिकीचा उपयोग करू शकणारे रसायनशास्त्रज्ञही आहेत. नुसत्या कायद्याने गोळी तयार होत नाही.

सदाफुलीचे उदाहरण इथे सविस्तर सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे घरोघरी अंगणात, कुंडीत, मिळेल तिथे वाढणारे हे झुडूप. त्याच्या पानांत व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन द्रव्ये असतात. व्हिन्क्रिस्टिन हे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे एक मुख्य औषध. अडचण अशी, की या झाडात शंभराहून अधिक अल्कलॉइडे असतात आणि त्यांतली हवी ती दोन अत्यल्प. टनभर वाळलेल्या पानांतून हाती लागायचे ते जेमतेम ग्रॅमच्या हिशेबात. पाने भिजवायची, अर्क काढायचा, आम्लाने ओढून घ्यायचा, पुन्हा अल्कलीने सोडवायचा, मग स्तंभातून थेंब थेंब गाळत एकेक अल्कलॉइड वेगळे करायचे. जरा ऊन लागले, उष्णता वाढली, की द्रव्य बिघडते. ए. व्ही. रामाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली आणि 1980 च्या दशकात सिप्ला या औषध कंपनीने तिच्या आधारे ही औषधे देशात तयार केली. रामाराव हे वेंकटरामन यांचे विद्यार्थी. पुढे परिषदेच्याच हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक असताना त्यांनी एड्सवरच्या एझेडटी या औषधाची पद्धतही सिप्लाला दिली. कुठल्या बागेत कुणी रोप लावले आणि फूल कुठे आले, याची ही नोंद राहिली पाहिजे.

आता या संस्थेच्या इतिहासातल्या सर्वांत कठीण आणि सर्वांत कमी लिहिल्या गेलेल्या भागाकडे येतो.

चंबूत जमलेली प्रक्रिया कारखान्यात जमेल याची खात्री नसते. चौघांपुरता भात उत्तम करणाऱ्याला लग्नाच्या पंगतीचा भात साधेलच असे नाही, तशी ही गोष्ट आहे. त्यामागचे गणित मात्र नेमके आहे. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दहापट केली की आतला माल हजारपट होतो, पण भिंतीचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. प्रक्रियेत उष्णता निर्माण होत असेल तर ती भिंतीवाटेच बाहेर जाणार. म्हणजे दर लिटर मालाच्या वाट्याला आता दहावा हिस्साच भिंत आली. चंबूत जी प्रक्रिया कोमट होऊन शांत होते, तीच मोठ्या भांड्यात तापत जाते, वेग वाढतो, वेगाने आणखी तापते, आणि आवरली नाही तर भांडे फुटते. ढवळणे, गाळणे, वायू द्रवात मुरवणे, घन उत्प्रेरकाच्या कणापर्यंत द्रव्य पोचवणे, प्रत्येक टप्प्यावर असाच हिशेब नव्याने मांडावा लागतो.

हा हिशेब शास्त्र म्हणून उभा करण्याचे काम एनसीएलमध्ये ज्यांनी केले त्यांत एल. के. दोराईस्वामी अग्रणी. 1978 ते 1989 या काळात ते संचालक होते. रसायनशास्त्रज्ञ आणि अभियंते यांना त्यांनी एकाच कामावर बसवले. क्लोरोमिथेन, डायमिथाइल अनिलीन, एथिलीन डायअमीन अशा रसायनांच्या पद्धती त्यामुळे कागदावरून पायलट प्लान्टमध्ये आणि तिथून कारखान्यात गेल्या. यूडीसीटीचे मनमोहन शर्मा यांच्याबरोबर दोराईस्वामींनी लिहिलेला विषमांगी प्रक्रियांवरचा दोन खंडांचा ग्रंथ 1984 मध्ये निघाला. त्या विषयात तो आजही प्रमाण मानला जातो.

पायलट प्लान्ट चालला तरी विक्रीची अडचण उरायचीच. उद्योजक विचारी, ‘हे तंत्र आणखी कुठे चालू आहे?’ बँकही तेच विचारी. नवे तंत्र म्हटले की ते आणखी कुठे चालू असणार नाही, हे उघड आहे. परदेशी कंपनी चालू कारखाना दाखवी, उत्पादनाची हमी देई, बिघडले तर माणूस पाठवी. एनसीएलकडे अहवाल होता आणि पायलट प्लान्टच्या नोंदी. उद्योजकाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्याचे घरदार गहाण पडलेले असे. तरीही ज्यांनी त्या दिवसांत या संस्थेवर विश्वास टाकून पहिला कारखाना उभारला, त्या मध्यम आणि लहान उद्योजकांचे ऋण या देशाने पुरेसे मानलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्प्रेरकांनी ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली. पॉल रत्नसामी यांच्या गटाने झिओलाइटवर काम सुरू केले. झिओलाइट म्हणजे अतिसूक्ष्म, ठरावीक मापाची छिद्रे असलेला सिलिका-अल्युमिनाचा स्फटिक. झायलीनची भावंडे दिसायला सारखी, पण त्यांतले पॅरा-झायलीन सडपातळ असल्याने या छिद्रांतून सहज ये-जा करते, बाकीची अडखळतात. पॅरा-झायलीनपासून पॉलिएस्टर बनते, म्हणून ते हवे असते. एनसीएलने ‘एन्सिलाइट’ नावाचा उत्प्रेरक तयार केला, एसीसी या कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर बनवला आणि बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीच्या कारखान्यात 1980 च्या दशकात तो वापरात आला. चालू कारखान्यात परदेशी उत्प्रेरक काढून देशी घालायचा, हे धाडस होते. ते यशस्वी झाल्यावर ‘आणखी कुठे चालू आहे’ या प्रश्नाला एनसीएलकडे प्रथमच दणकट उत्तर मिळाले. त्याच सुमारास अल्कोहोलपासून एथिलबेन्झीन बनवण्याची ‘अल्बीन’ पद्धत विशाखापट्टणमला गेली. मळी आणि मद्यार्क मुबलक असलेल्या देशात पेट्रोलियमऐवजी अल्कोहोलपासून रसायने बनवायचा विचार एनसीएलने असा लवकर केला होता.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. रसायन उद्योगावर आयुष्य वेचलेल्या प्रत्येकासाठी तो काळाकुट्ट दिवस होता. परिषदेचे महासंचालक एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांचे पथक गेले. त्यात दोराईस्वामी, माशेलकर असे एनसीएलचे अनेक जण होते. कारखान्यातल्या 610 क्रमांकाच्या टाकीच्या तळाशी उरलेल्या अवशेषाचे त्यांनी विश्लेषण केले. कोणती द्रव्ये तिथे आहेत आणि ती कोणत्या परिस्थितीत तयार होऊ शकतात, हे प्रयोगांनी पडताळले आणि टाकीत पाणी शिरल्यावर काय घडले असावे याची संगती लावली. डिसेंबर 1985 मध्ये अहवाल सादर झाला. वर सांगितलेला भिंतीचा आणि उष्णतेचा हिशेब चुकला की काय होते, ते या अहवालाच्या पानापानांवर दिसते. रसायन अभियांत्रिकी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा.

या संस्थेत वनस्पतींचेही मोठे काम झाले आहे, हे रसायनशास्त्रज्ञ कधीकधी विसरतात. सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह 1951 पासून इथे आहे. आसवन्यांना यीस्ट, कारखान्यांना बुरश्या तिथून मिळतात. जीवरसायन विभागात ए. एफ. मॅस्करेन्हास आणि सहकाऱ्यांनी ऊतिसंवर्धन सुरू केले. त्यातून 1990 मध्ये जगाला थक्क करणारी बातमी आली. बांबू कित्येक वर्षांतून एकदाच फुलतो. जातीनुसार हा काळ 12 पासून 120 वर्षांपर्यंत असू शकतो. फुलला की बेटच्या बेट मरते. त्यामुळे दोन चांगल्या बांबूंचा संकर करून नवे वाण काढणे जवळपास अशक्य. रजनी नाडगौडा, व्ही. ए. परशरामी आणि मॅस्करेन्हास यांनी कळक जातीच्या बांबूच्या कोवळ्या रोपांचे भाग, नारळाचे पाणी आणि सायटोकायनिन हे संप्रेरक घातलेल्या पोषकद्रव्यात वाढवले. काही महिन्यांत काचेच्या नळीतच त्या इवल्या रोपांना फुले आली आणि बीही धरले. ‘नेचर’ने हा निबंध छापला.

सगळेच साधले असे नाही. पिष्टापासून बनवलेला ‘जलशक्ती’ हा पाणी शोषून धरणारा पदार्थ कोरडवाहू शेतीसाठी मोठ्या उमेदीने काढला गेला. तो अपेक्षेइतका पसरला नाही. खेड्यापर्यंत तंत्र पोचवायला वेगळीच यंत्रणा लागते. निवृत्तीनंतर टिळकांनी ग्रामविकासात विज्ञान-तंत्रज्ञान वापरण्यासाठी पुण्यात स्वतंत्र संस्था काढली, यामागे हीच जाणीव असणार, असे मला वाटते.

1989 मध्ये माशेलकर संचालक झाले. गोव्यातल्या माशेल गावचा, मुंबईत हलाखीत शिकलेला हा शास्त्रज्ञ 1976 मध्ये इंग्लंडमधले काम सोडून इथे आला होता. दुसऱ्याचा माल वेगळ्या वाटेने बनवण्यात धन्यता मानू नका, जगाला विकत घ्यावेसे वाटेल असे काढा, असा धोशा त्यांनी लावला. परदेशांत पेटंटे घ्यायला सुरुवात झाली. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकविषयीच्या इथल्या पेटंटांवर अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने परवाना घेतला. दोन वर्षांत उदारीकरण आले, 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि 2005 पासून पदार्थाला पेटंट देणारा कायदा पुन्हा लागू झाला. बाजार बदलण्याआधी तयारीला लागलेल्या मोजक्या सरकारी प्रयोगशाळांत एनसीएल होती.

त्यानंतरचा काळ वाचकांच्या डोळ्यांसमोरचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. रत्नसामी, स्वामीनाथन शिवराम, सौरव पाल, अश्विनी नांगिया आणि आता आशिष लेले अशी संचालकांची परंपरा चालू आहे. 2006 मध्ये आयसर-पुणे ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था सुरू झाली ती एनसीएलच्याच आवारात. 2007 मध्ये व्हेंचर सेंटर निघाले आणि तरुणांच्या कंपन्यांना उपकरणे व सल्ला मिळू लागला. वीज नसतानाही नळाच्या दाबावर जीवाणू आणि विषाणू गाळणाऱ्या पटलांचे तंत्र इथून बाहेर पडले. ऑगस्ट 2022 मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि एनसीएल यांनी मिळून तयार केलेली हायड्रोजन फ्युएल सेलवरची बस पुण्यात धावली.

या लेखात संचालकांची आणि शास्त्रज्ञांची नावे आली, कारण ती छापील कागदांवर मिळतात. पायलट प्लान्टवर रात्रपाळीत तासातासाला तापमान लिहिणारे ऑपरेटर, अवघड उपकरणे दिव्याच्या ज्योतीवर घडवणारे काचकाम विभागातले कारागीर, कार्यशाळेतले फिटर, वेल्डर, लॅब असिस्टंट यांची नावे कागदांवर फारशी नाहीत. यांच्यावाचून वर सांगितलेले एकही काम झाले नसते. त्यांतले अनेक जण आज पाषाण, बाणेर, औंध, कोथरूड परिसरात निवृत्तीचे जीवन जगत आहेत. काहींची मुले-नातवंडे आहेत. त्यांना विनंती आहे : घरात जुनी लॉगबुके, डायऱ्या, प्लान्टची रेखाटने, गटाची छायाचित्रे असतील तर ती रद्दीत देऊ नका. छायाचित्राच्या मागे डावीकडून उजवीकडे नावे लिहा, साल आठवत असेल तर तेही लिहा, आणि संस्थेच्या ग्रंथालयात आणून द्या.